व्यंकटराव, साडेसात, जळाले

सुरजनं एका चौकटीत चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि शिरड शहापूरचे व्यंकटराव, घरी बसून भाकर खात असताना, सगळ्या तालुक्यासाठी वारले.

चौकट तशी साधीच होती. मोबाइलवर विचारलं होतं, कार्ड कोणत्या रकान्यात गेलं की पोस्ट टाकायची? खाली रकान्यांची नावं होती. त्यातलं 'चालू झाले' हे निवडायचं होतं. सुरजचं बोट पडलं सगळ्यात वरच्या ओळीवर, आणि ती ओळ होती 'कोणताही'. मग त्यानं 'सुरू करा' दाबलं, मोबाइल खिशात टाकला आणि एवढं मोठं काम केल्याबद्दल स्वतःला भजे खाऊ घालायला तो आखाडा बाळापूरच्या स्टँडवर निघून गेला.

सुरज म्हणजे भीमराज मिस्तरींचा भाचा. बाळापुरात शाळा, हिंगोलीला बी.कॉम., आणि त्यानंतर वर्षभर पुण्याच्या एका कंपनीचं काम, तेही घरातल्या पलंगावर बसून. काम काय, तर लोकांच्या ऑफिसात कामं मांडायचे जे मोबाइलवरचे फळे असतात, ते त्यांच्या फेसबुक-इन्स्टाग्रामला जोडून द्यायचे. यात प्रोग्राम लिहावा लागत नाही. इकडं अमुक झालं की तिकडं तमुक कर, एवढं चौकटीत भरायचं आणि मधे रेघ ओढायची. पुढं कंपनीनं रेघ ओढायलाही एक मशीनच बसवलं आणि सुरज मोकळा झाला. 'वर्क फ्रॉम होम'मधलं वर्क गेलं, होम राहिलं. संध्यामामी शेजारणींना सांगायच्या, "सुट्टीवर आलाय." सुट्टी किती दिवसांची, हे शेजारणी विचारायच्या नाहीत. त्यांचीही पोरं सुट्टीवरच होती.

मामाचं दुकान स्टँडपासून जवळ. संघमित्रा मोटार रिवायंडिंग वर्क्स. लेक झाली तर ठेवायचं म्हणून राखून ठेवलेलं नाव. झाले दोन्ही पोरगे, मग नाव दुकानाला गेलं. विहिरीतल्या, बोअरातल्या जळालेल्या मोटारी इथं यायच्या. मामा त्या उघडायचा, आतली जळकी तार काढायचा, नवी तांब्याची भरायचा. तारेचे वेढे मामी घालायच्या. आजवर कोणाची मोटार कुठवर आली हे खडूनं भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेलं असायचं, आणि कोणीतरी पाठ टेकवून ते शर्टावर घेऊन जायचं. सुरजनं हा फळा मोबाइलवर आणला. प्रत्येक मोटारीचं एक कार्ड. कार्डावर नाव, गाव आणि मोटार किती एचपीची तो आकडा. रकाने मामाला विचारून केले : आले, उघडले, बसले, जळाले, भरले, चालू झाले, गेले. मोटार पुढं सरकली की कार्ड पुढं सरकवायचं. मामाला टाइप करता येत नव्हतं, पण फोनला बोलून सांगता यायचं, आणि बोलायला मामा कधी कमी पडला नाही.

आता इथं मामाची एक सवय सांगितली पाहिजे, कारण घात तिनंच केला. सुरजच्या बोटानं केला असं मामी म्हणतात. ते आपण अर्धं अर्धं वाटून देऊ.

भीमराज मिस्तरी मोटारीला मोटार म्हणत नाहीत. ज्याची मोटार त्याच्या नावानं तिला ओळखायचं, आणि मालकाला जेवढा मान तेवढाच तिला द्यायचा. 'व्यंकटरावची जळाली' असं जगातला कोणताही मिस्तरी म्हणेल. हा म्हणणार, "व्यंकटराव जळाले." "पुनमचंद गरम होऊन राहिलेत, सावलीत ठेवा." "जनकाबाईंना वार्निश झालं का? मग आज त्यांना कोणी हात लावू नका." नवं माणूस दुकानात आलं तर त्याला वाटायचं हा दवाखाना आहे आणि आतल्या पेशंटांचे फार हाल चाललेत. शाळेत मराठीच्या सरांनी आदरार्थी बहुवचन शिकवलं होतं. त्याचे धोके शिकवले नव्हते.

आणि फोटो! मोटार आली की मामी मालकाला तिच्या शेजारी उभं करून फोटो काढायच्या, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. बाकीचे लोक मोटारीवर पाय ठेवून उभे राहायचे. व्यंकटराव पडले सभ्य. ते हात जोडून उभे राहिले होते.

तर त्या दिवशी मामानं मोटार उघडली, आतलं काळं पाहून हळहळला, आणि कार्ड 'जळाले'मध्ये सरकवलं. सुरजच्या मशीननं इमानदारीनं नाव, रकाना, फोटो आणि सुरजनंच लिहून ठेवलेली शेवटची ओळ एकत्र केली आणि दुकानाच्या फेसबुक पानावर टाकली :

'व्यंकटराव, शिरड शहापूर, साडेसात. जळाले. आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल आभार. संघमित्रा परिवार.'

वर व्यंकटराव, हात जोडलेले.

सुरज तेलकट पुडा घेऊन दुकानात शिरला तेव्हा शेजारचा चहावाला गोपीचंद दारात उभा होता. चेहरा उतरलेला, डोक्यावरची टोपी हातात. मामाची पाठ त्याच्याकडं.

"मिस्तरी, व्यंकटराव जळाले म्हणं?"

"व्हय ना," मामा पाठमोराच म्हणाला. "पार काळे ठिक्कर पडलेत."

"अरारा. अन् कधी कळलं?"

"आत्ता उघडले तवा."

गोपीचंदनं सुरजकडं पाहिलं. सुरजला अजून काही कळलेलं नव्हतं, तो भजं खात होता.

"उघडले म्हंजे? इथं हायत?"

"मग कुठं राहतील? त्या कोपऱ्यात गोणपाटाखाली हायत बघा. उद्या भरतो त्यांना. मंग एक दिवस वाळत ठेवायचे."

गोपीचंद दोन पावलं मागं सरकला आणि तिथल्या तिथं बाकड्यावर बसला. "मिस्तरी," तो बारीक आवाजात म्हणाला, "त्यांच्या घरच्यांना विचारलं का तुमी?"

तोवर सुरजनं मोबाइल बाहेर काढला होता. श्रद्धांजल्या वाहायला लागल्या होत्या. कोणी फुलं, कोणी हात. 'सकाळी का संध्याकाळी?' असं एकानं विचारलेलं, दुसऱ्यानं खाली समजावून सांगितलेलं, 'वर लिहिलंय ना, साडेसात.' त्याच्याखाली मशीननं टाकलेली पुढची पोस्ट : 'फुलसिंग, शिरड शहापूर, पाच. बसले.' आणि त्याच्याखाली : 'पुनमचंद, जवळा बाजार, तीन. उघडले. आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल आभार.'

भजं सुरजच्या घशात अडकलं. मामींनी पाणी दिलं, पाठीवर दोन रट्टे दिले. पहिला भज्यासाठी होता.

व्यंकटरावांना फोन लावला तर बंद. लाईट नव्हती, फोन मेला होता. व्यंकटराव जिवंत होते.

तिकडं काय झालं ते व्यंकटरावांच्या पोरानं, स्वप्निलनं, संध्याकाळी फोनवर सांगितलं. व्यंकटरावांची मोठी बहीण सोजराबाई जवळा बाजारला असतात. त्यांच्या नातीनं, आरोहीनं, पोस्ट वाचून दाखवली. सोजराबाई म्हणाल्या, "साडेसातला जाळला? अन् सख्ख्या बहिणीला आता कळून राहिलं?" तशाच अॅटोत बसल्या. शिरडच्या स्टँडवर उतरल्या आणि रीतीप्रमाणं गावच्या तोंडापासूनच त्यांनी रडायला सुरुवात केली.

सोजराबाईंच्या रडण्याला त्या भागात नाव आहे. नुसते हुंदके नाहीत. गेलेल्या माणसाचं सगळं चांगलं त्या सुरात बांधून सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाशी आपण जरा नीट वागायला पाहिजे होतं. भाऊ कसा पायी बांगड्या घेऊन आला, कसा तिच्या दुखण्यात उशाला बसला, सगळं झालं. पाच-सहा बाया वाटेत सामील झाल्या. दाराशी येईतो सूर वरच्या पट्टीला गेला होता.

"अन् येक गोष्ट रं माझ्या राजा, तुला मी कधी सांगितलीच न्हाई..."

ओसरीत व्यंकटराव पिठलं-भाकर खात होते. ते म्हणाले, "कोणती गं आक्का?"

सोजराबाई थांबल्या. भावाला आपादमस्तक पाहिलं. मग जवळ जाऊन त्याच्या पाठीत एक ठेवून दिली, खाली बसल्या आणि त्याच्या ताटातली उरलेली भाकर खाल्ली.

इथपर्यंत हसून सोडता आलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं व्यंकटरावांना 'साडेसात' म्हणायला लागली. ते दुकानात गेले की वाणी घड्याळात बघायचा. म्हातारी माणसं विचारायची, "कावळा शिवला व्हता का रं?" कारण तसा जुना समज आहे. डोक्याला कावळा शिवला की मरण जवळ आलं म्हणायचं, मग घरचे मुद्दाम पाहुण्यांना मेल्याची खोटी खबर धाडतात. पाहुणे रडले की ते मरण रडण्यात खर्ची पडतं आणि माणूस सुटतो. तसं असतं तर कोणी हसलं नसतं. उलट म्हणाले असते, बरं केलं, वेळेवर केलं.

सुरजनं पोस्ट काढून टाकली होतीच. वर माफी टाकली : 'व्यंकटराव जिवंत आहेत. क्षमस्व.' ज्यांना पहिली बातमी कळली नव्हती त्यांना ही कळली. 'जिवंत आहेत' याच्यापुढं 'क्षमस्व' कशाला, असं मामींनी विचारलं तेव्हा फार उशीर झाला होता. खाली एकानं लिहिलं, 'मग जळालं कोण?'

स्वप्निलचा परत फोन आला. मामानं स्पीकरवर घेतला.

"मिस्तरी, बाबा म्हणून राहिले, तुमी गावात या अन् चार माणसांत एवढंच सांगा, की कावळा शिवला म्हणून व्यंकटरावांनीच मला खबर टाकाया लावली. बस. विषय बंद."

मामा हातातली तार गुंडाळत राहिला. "अन् न्हाई सांगितलं तर?"

"तर म्हणले, मोटार तुमच्याकडंच ठेवा. मी बसमतला नवी घेतो."

"स्वप्निल, कावळ्याचं मी कसं सांगू? आमच्या घरात कावळा हा फक्त पक्षी हाय."

"मिस्तरी, एवढं म्हणायला तुमचं काय जातं?"

"माझ्या बापानं हे सगळं सोडलं तवा किती ऐकून घेतलं, तुला ठाऊक न्हाई. त्यांनी बाहेर काढलेला कावळा मी वापस आत घेऊ व्हय? चूक झाली ती झाली. तिची माफी मागतो. कावळ्याची न्हाई."

फोन तिकडून ठेवला गेला.

मोटार भरून तयार झाली. कोपऱ्यात रंग देऊन ठेवली. व्यंकटराव आले नाहीत. दिवाळी होऊन गेली होती, हळद पाण्यावर आलेली, आणि त्या आठवड्यात शेताला दिवसाची लाईट होती. म्हणजे पाणी द्यायचं तर हेच दिवस. स्वप्निलनं शेजारच्याकडून पाईप टाकून दोन सऱ्या भिजवल्याचं कळलं. बाकीची हळद पानं मिटून उभी.

शिरड शहापूरहून बाळापूरला मोटार भरायला यायचं काही कारण नाही. मधल्या रस्त्यानं चार दुकानं लागतात. तरी व्यंकटराव तरुण होते तेव्हापासून ते स्वतःची आणि गावातली कोणाचीही मोटार आपल्याच गाडीत घालून इथं आणायचे. भीमराज तेव्हा नांदेडहून काम शिकून नुकता आलेला. चार पत्रे, एक टेबल, आणि गिऱ्हाईक म्हणून येणारे फक्त ओळखीचे उधारवाले. अनोळखी गावातून आलेली पहिली मोटार व्यंकटरावांची. त्यांनी आत यायच्या आधी चपला काढल्या होत्या. मामानं सांगितलं, हे दुकान हाय. ते म्हणाले, मला वाटलं घर हाय, जेवणाचा वास येऊन राहिला. मग दोघं जेवले. त्यानंतर मोटार जळो न जळो, तारेच्या रिकाम्या ड्रमवर बसून गोपीचंदच्या चहाला नावं ठेवणं हा व्यंकटरावांचा हक्क झाला. आता त्या ड्रमवर कोणी बसत नव्हतं. मामानं तयार मोटार तीनदा पुसली. पुसायला तिच्यावर काही नव्हतं.

"मामा," सुरज म्हणाला, "मी जाऊन सांगतो कावळ्याचं. चूक माझी हाय. मला काय फरक पडतो?"

"तुला फरक पडत न्हाई म्हणून तर मशीन जोडलंस ना रं. काय जोडून राहिलो ते न बघता."

मामी तारेचे वेढे घालता घालता म्हणाल्या, "ते येत न्हाईत तर तुमी जा. हळदीनं काय केलंय तुमचं?"

मामानं टेम्पोवाल्याला फोन लावला. "चल सुरज. व्यंकटरावांना व्यंकटरावांकडं पोचवून येऊ."

टेम्पोत मागं मोटारीला धरून दोघं बसले. वाटेत दोन्ही बाजूंना हळद आणि मधे मधे कापूस. सुरजनं धीर करून विचारलं, "मामा, तुमी आपलं साधं 'व्यंकटरावची मोटार' असं म्हणलं असतं तर?"

मामानं उलट विचारलं, "तुझ्या आजोबांचं नाव काय?"

"किशनराव."

"ते फोटोखाली. ते मी लिहिलं, ते गेल्यावर. जिते व्हते तवर नुसता किशन. लहान लहान लेकरं हाक मारायची, ए किशन, बैल सोड. म्हातारपणी बी. नांदेडला शिकलो तिथला उस्ताद मोटारींना आईबहिणीवरून बोलायचा, अन् ज्यांच्या मोटारी ते बाहेर बाकड्यावर बसून ऐकायचे. मी म्हणलं, आपलं दुकान झालं की आत येईल त्याला राव. मंग ती मोटार का असंना."

टेम्पो खड्ड्यात आदळला. मामानं मोटारीवर हात दाबून धरला. "सांभाळून रं! व्यंकटराव पडतील."

शिरडच्या पारावर दुपारची माणसं बसली होती. त्यात व्यंकटरावही होते, एका कडेला. पलीकडं पिठाच्या गिरणीवर बायांची रांग. मामा उतरला, पुढं गेला.

"जय भीम, व्यंकटराव."

याला पलीकडून इतकी वर्षं न चुकता 'रामराम, मिस्तरी' येत आलं होतं. आज व्यंकटराव रस्त्याकडं बघत राहिले.

पोस्टमध्ये 'बसले' होते तेच फुलसिंग इथं पारावर पाय सोडून बसले होते. त्यांनी तोंड उघडलं. "काय मिस्तरी, कावळा आणला का सोबत?"

माणसं हसली. मामा म्हणाला, "कावळा न्हाई आणला. व्यंकटरावांना आणलं. टेम्पोत हायत, मागं."

सगळ्यांनी टेम्पोकडं पाहिलं, मग पारावरच्या व्यंकटरावांकडं पाहिलं. सुरजला वाटलं, आता मार पडतो.

"हे असंच बोलतो मी," मामा म्हणाला. "मोटारीला मालकाच्या नावानं बोलवायची सवय हाय. व्यंकटरावांची मोटार जळाली, मी म्हणलं व्यंकटराव जळाले. या पोरानं मशीन असं जोडलं की माझं दुकानातलं बोलणं जगाला ऐकू गेलं. माणसाची खबर नव्हती ती. अन् साडेसात ही येळ न्हाई. साडेसात एचपी. साडेसात घोडे हायत त्यांच्यात. चूक आमच्या दुकानाची. कावळ्याचा त्यात काही संबंध न्हाई. माफी मागायला आलो."

फुलसिंगच्या डोक्यात काहीतरी हललं.

"म्हंजे माझी मोटार आली की तुमी काय म्हणता?"

"फुलसिंग आले."

"अन् बिघडली की?"

"तुमी बिघडत न्हाई. बसता. वर्षातून दोनदा. जरा हलवलं की चालू होता, चार दिवसांनी परत बसता."

गिरणीच्या रांगेतून फुलसिंगच्या बायकोचा आवाज आला. "बराबर हाय!"

आता मात्र पार हलला. फुलसिंगचं समाधान झालं नव्हतं. "अन् हे साडेसात घोडे, तर मी किती?"

"पाच."

"पाचच?"

रत्नपाल गुरुजी कडेला पेपर वाचत होते, त्यांनी घडी घातली. "मिस्तरी, आमची पण आली होती उन्हाळ्यात."

"तुमी आवाज लई करता गुरुजी, पाणी बेताचं."

गुरुजींच्या हाताखालून गेलेले तिघं-चौघं पारावर होते. त्यांना हसू आवरेना, आणि गुरुजींसमोर हसायची सवयही नव्हती. हसणं असं एकाकडून दुसऱ्याकडं जात राहिलं; कोणाला स्वतःचं ऐकायचं होतं, कोणाला शेजाऱ्याचं. व्यंकटरावांकडं कोणी बघत नव्हतं. सबंध आठवड्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

तेच मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "अन् मी?"

मामा म्हणाला, "तुमी जळता."

पारावरच्या माना आता व्यंकटरावांकडं वळल्या.

"बाकीचे बसतात, आवाज करतात, गरम झाले की बंद पडतात. माणसाला कळतं तरी. तुमी लाईटच्या तीन फेजांतली येक गेली तरी चालत राहता. कोणाला सांगत न्हाई. मंग पूर्ण जळूनच येता. या बारीला बी तसंच केलंत. शिव्या द्यायच्या व्हत्या ना, फोन करून? पोराकडून निरोप काहून धाडले?"

व्यंकटराव उठले. धोतर झटकलं. "शिव्या देणारच व्हतो. फोनला चार्जिंग नव्हतं."

"आठ दिवस?"

"तुमाला देण्यासारख्या सुचत नव्हत्या." मग टेम्पोकडं जाता जाता, मान न वळवता, म्हणाले, "रामराम."

सुरज पळत पुढं गेला आणि टेम्पोत मोटारीशेजारी त्यांना जागा करायला लागला.

विहिरीवर मोटार चेनपुल्लीनं सोडली. स्वप्निल आणि सुरज दोर धरून, मामा वरून ओरडत, "हळू, हळू, त्यांना भिंतीला घासू नका." व्यंकटराव म्हणाले, "मिस्तरी, मला आता गुदगुल्या व्हायला लागल्या." स्टार्टर दाबला. पाईप आधी खोकला, मग फुगला, मग हळदीच्या दांडात पाणी आलं. व्यंकटराव दांडाच्या कडेनं पाण्यासोबत चालत गेले आणि पहिल्या सरीत वळेपर्यंत उभे राहिले.

सुरजनं व्हिडिओ घेतला. मोबाइल पुढं धरून त्यानं मामाला चौकट दाखवली. 'कोणताही' आता तिथं नव्हतं. "फक्त 'चालू झाले'ला जोडलंय. बघा तुमी. आता दाबू?"

मामानं चष्मा वर सरकवून सगळं वाचलं, आणि कार्ड स्वतः सरकवलं. घरी चहाला बसले तोवर पोस्ट पडली होती. स्वप्निलनं मोठ्यानं वाचली. "व्यंकटराव, शिरड शहापूर, साडेसात. चालू झाले."

सखुबाई, म्हणजे व्यंकटरावांच्या मंडळी, चहा ठेवत म्हणाल्या, "कधी? मला तर काही दिसून न्हाई राहिलं. भीमराजभाऊ, तुमी यांच्यात बी जरा नवी तार भरा."

"भरू की वैनी. पण उघडावं लागंल."

"बस करा आता," व्यंकटराव म्हणाले. मग जरा खाकरून, "घ्या, भीमराजराव, बिस्कीट घ्या."

मामानं त्यांच्याकडं पाहिलं. नावातच राजा असताना वर राव कोणी लावला नव्हता. "राजावर राव चढवू नका," तो म्हणाला. "लोड येतो." पण बिस्कीट बुडवताना त्याची बोटंसुद्धा कपात बुडाली, आणि ते सुरजनं पाहिलं.

सोजराबाई अजून परत गेल्या नव्हत्या. भाऊ मेला नाही तर निदान चार दिवस राहून जाते म्हणाल्या होत्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि सुरजकडं बघत होत्या.

"हा का तो पोरगा?"

"व्हय आक्का."

"काय रं, स्टँडपासून रडत आले मी. उन्हात. घसा बसला माझा. त्या रडण्याचं काय?"

सुरजनं कान धरले. "चुकलो आज्जी."

"तिचं सोड," व्यंकटराव मधेच म्हणाले. "माझं अर्धं राहिलंय. मिस्तरी, माझं डोकं त्या साडेसातनं न्हाई फिरलं. दाराशी येऊन म्हणली, येक गोष्ट तुला सांगितलीच न्हाई. अन् मला पाहून थांबली. तवापासून रात्रंदिवस इचारून राहिलो, कोणती गोष्ट?"

"ती रडण्यातली गोष्ट हाय," सोजराबाई म्हणाल्या. "बोलण्यात येत न्हाई."

"मंग रड."

"तुला समोर बघून रडू येतं व्हय? खाऊन खाऊन असा झालास."

"चांगली गोष्ट हाय का वाईट, तेवढं तरी?"

"मेल्यावर सांगीन."

"कोण मेल्यावर?"

सोजराबाईंनी बशीतला चहा फुंकला. व्यंकटरावांनी सुरजकडं बोट केलं. "अर्धं तुझ्यामुळं आलं, अर्धं आत राहिलं. तुझ्या मशीनला काही जोडायचं असंल ते जोड, पण तेवढं बाहेर काढून दे मला."

सुरज म्हणाला, "काका, इकडं अमुक झालं की तिकडं तमुक, एवढंच त्याला येतं. आज्जीच्या मनातलं कशावर दाबल्यावर येतं, ती चौकट त्यात न्हाई."

टेम्पोत बसताना व्यंकटरावांनी मामाच्या हातात ओल्या हळदीची पिशवी दिली, भरणावळ दिली आणि गोपीचंदच्या चहाबद्दल एक वाईट शब्द सांगून पाठवला.

त्यानंतर सुरजनं बाळापुरातली आणखी दोन-तीन दुकानं जोडून दिली, एक कुलरवाला, एक शिलाईवाली. जोडण्याआधी तो त्यांच्या दुकानात दिवसभर नुसता बसून ते काय बोलतात ते ऐकतो. मामी आता शेजारणींना 'सुट्टीवर आलाय' म्हणत नाहीत. 'बसलेला असतो' म्हणतात.

व्यंकटराव महिन्यातून एकदा ड्रमवर येऊन बसतात आणि आल्या आल्या सांगतात, "न्हाई सांगितलं अजून." मामानं एकदा फोनला बोलून एक कार्ड केलं. ते पोस्टला जोडलेलं नाही, सुरजनं दोनदा तपासलंय. त्याच्यावर आहे : 'सोजराबाई, जवळा बाजार, अर्धं.' आधीच्या कार्डांमागून नवी कार्डं येतात, उघडतात, भरतात, जातात. हे मात्र 'आले'मध्येच आहे.